चहा संपेपर्यंत नाव नाही

मागच्या महिन्यात कंपनीने माझ्यावर एक काम सोपवलं. नव्याने मॅनेजर झालेल्या मुलामुलींना विचार करायला शिकवायचं. कामाचं नाव अर्थातच इंग्रजीत आणि भारदस्त होतं, क्रिटिकल थिंकिंग. मी त्याचा अर्थ असा लावला, की घाई करायची नाही, आणि दुसऱ्याच्या मताकडे बघतो तितक्याच संशयाने आपल्या मताकडे बघायचं. त्यासाठी अंधेरीतल्या एका हॉटेलचा हॉल घेतला होता. तो इतका गार होता की मी पर्समधून ओढणी काढून कान झाकून घेतले. शिकवायच्या स्लाइड्स तयारच दिल्या होत्या. चौकोन, त्रिकोण, आणि त्यांना जोडणारे बाण. मला बाणांचा मुळात राग आहे. बाण इथून निघतो, तिथे पोचतो, आणि वाटेत काय झालं ते कुणी विचारत नाही. मी लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "आधी चहा मागवा."

मुलं खूश झाली. त्यांना वाटलं बाई गमतीशीर आहेत. मला मात्र समोर चहा आल्यावर एकदम आमचं जुनं ऑफिस आठवलं.

आमचं ते ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. आम्ही इमारतींच्या लिफ्टची देखभाल करायचो, आणि आमच्याच ऑफिसला जायला जिना होता. इस्टेटीत मालाची एक लिफ्ट होती, पण ती दुसऱ्या कंपनीची आणि सदा बंद. येणारा-जाणारा त्यावरून आम्हाला टोमणे मारायचा. आत ग्रीसचा वास, भिंतीला टेकलेल्या लोखंडी दोऱ्यांची वेटोळी, आणि डोक्यावरून सारखी विमानं. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्याच्या मधेच थांबायचा आणि ते गेलं की उरलेलं वाक्य पुरं करायचा. आमची कितीतरी भांडणं त्या विमानांनी मधेच थांबवली असतील. आता मी बसते त्या काचेच्या ऑफिसात विमानाचा आवाज येत नाही, आणि भांडणं ईमेलवर होतात. मला खरंच ती विमानं हवीशी वाटतात.

आमचे साहेब गोराईचे. तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. घरी थोडी शेती, थोडी मासेमारी, आणि घरात सगळे मराठीच बोलणारे. रोज सकाळी बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला यायचे आणि तिथून अंधेरीला. उंच, काळेसावळे, बुशशर्टाच्या खिशाला दोन पेनं. डब्यात बहुतेक सुक्या बोंबलांचं काहीतरी असायचं, आणि तो डबा उघडला की अर्धं ऑफिस नाक मुरडायचं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या टेबलाकडे सरकायचं. मी सरकणाऱ्यांतली.

सकाळी आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती बसायचो. आदल्या दिवशीच्या तक्रारी घ्यायच्या, कुठली लिफ्ट अडकली, कोण ओरडलं. चहा करणाऱ्या मावशी किटली घेऊन यायच्या. आणि साहेबांचा एक नियम होता. त्यांच्या कपातला चहा संपेपर्यंत कुणी कुठल्याही माणसाचं नाव घ्यायचं नाही. काय झालं ते सांगा, कुठे झालं ते सांगा, त्याआधी काय झालं होतं, नंतर काय झालं, सगळं सांगा. पण कुणामुळे झालं, हे कप रिकामा झाल्यावर. ज्याच्या तोंडून आधी नाव निघेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी वडे आणायचे.

सुरुवातीला मी इतके वडे आणले की खालचा वडेवाला मला बघितलं की आपणच चटणी बांधायला घ्यायचा. मला राग पटकन येतो, आणि राग आला की मला आधी माणूस दिसतो. एकदा मी चिडून साहेबांना विचारलं, "सर, शेवटी कुणीतरी चुकलेलंच असतं ना? मग चहाने काय फरक पडतो?"

ते म्हणाले, "अगं, तोंडात एकदा नाव आलं ना, की डोकं शोधायचं थांबतं. मग ते नुसतं गोळा करत बसतं. हा कसा चुकला, आधी कधी चुकला होता, याची नजरच कशी आहे. सगळं खरं असतं, आणि तरी उत्तर चुकीचं असतं. म्हणून म्हणतो, चहा पी आधी."

तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं होतं.

मग ते आंब्यांचे दिवस आले. दहिसरपासून मालाडपर्यंतचा पट्टा माझ्याकडे होता, आणि त्या पट्ट्यावर एकच मुख्य मेकॅनिक. तो मालवणकडचा. त्याचे वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर तो लिफ्टच्या कामाला लागला. दहिसरला नदीच्या बाजूच्या चाळीत राहायचा. स्वभावाने मोकळा, कामाला वाघ, पण एका बाबतीत हट्टी. दरवर्षी मे महिन्यात गावी म्हणजे गावी. वडिलोपार्जित कलमं होती, आंबा उतरवायला घरातला पुरुष हवा. वर्षभर सुट्टी मागायचा नाही, आणि मे महिन्यात घेतल्याशिवाय राहायचा नाही.

त्याच्या पट्ट्यात बोरिवलीचा एक टॉवर होता. जुनी चाळ पाडून उभा केलेला. चाळीतलीच सगळी कोकणातली कुटुंबं वर राहायला आली होती. पहिल्यांदाच घरी लिफ्ट आल्याचा त्यांना केवढा अभिमान! पण ती लिफ्ट मे महिन्यात बिघडायची. दार बंद होता होता परत उघडायचं, कधी मधेच अडकायचं. बदली मेकॅनिक जायचा, चालू करून यायचा, दोन दिवसांनी परत फोन. जून लागून आमचा मेकॅनिक गावाहून आला की लिफ्ट सुतासारखी सरळ. हे तिसरं वर्ष होतं.

त्या वर्षी एक आजी नातवाला घेऊन लिफ्टमध्ये अडकल्या. दार अर्धवट उघडून थांबलं, आणि आजींना घाम फुटला, चक्कर आली. देवाच्या दयेने पुढे काही झालं नाही. पण सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर असे कडाडले की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. आणि त्यांनी थेट वर, आमच्या झोनल मॅनेजरपर्यंत तक्रार नेली.

झोनल मॅनेजर शनिवारी सकाळी आमच्या ऑफिसात हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, घड्याळाकडे लक्ष. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं, "तीन वर्षं तेच चाललंय. हा माणूस गावी जातो, लिफ्ट बिघडतात. परत येतो, लिफ्ट चालतात. जायच्या आधी नीट सर्व्हिसिंग करत नाही, नाहीतर मुद्दाम काहीतरी सैल सोडून जातो, म्हणजे आपल्याला त्याची किंमत कळावी. यात विचार काय करायचाय? सोमवारी पत्र काढा. गावाहून यायची गरज नाही म्हणावं."

मेकॅनिकची बायको माझ्या ओळखीची होती, दर गौरी-गणपतीला बोलावायची. मुलगी दहावीला होती. आणि तरीही, खरं सांगते, झोनलसाहेबांच्या बोलण्यात मला खोट सापडत नव्हती. जातो तेव्हा बिघडतं, येतो तेव्हा थांबतं. याहून सरळ काय असणार?

साहेब त्यांचा चहा पीत होते. म्हणाले, "सर, आमच्याकडे चहा संपेपर्यंत नाव घेत नाहीत."

"मग संपवा," झोनलसाहेब म्हणाले.

साहेबांनी कपात बघितलं. एक घोट उरला होता. त्यांनी शांतपणे बशी उचलली आणि कपावर पालथी घातली. "नाही संपला," ते म्हणाले. "सोमवारी संपवतो."

वरून विमान गेलं, म्हणून झोनलसाहेब काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी ते बरं नव्हतं. सोमवारी सकाळी परत येतो म्हणून ते जिना उतरून गेले. मावशी कप उचलायला आल्या तर साहेब म्हणाले, "मावशी, याला हात लावू नका." मावशींनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. मीही केल्या.

मग त्यांनी मला समोर बसवलं. "तो जातो म्हणून बिघडतं, असं ते म्हणतात. बरोबर?"

"हो."

"त्याच्या पट्ट्यात बाकीच्या किती बिल्डिंगी आहेत! त्याच मे महिन्यात त्या काय करतात?"

बाकीच्या बिल्डिंगींचा मी विचारच केला नव्हता. ज्यांच्या तक्रारी नसतात त्यांच्याकडे कोण बघतं? मी आठवून बघितलं. त्याच टॉवरच्या शेजारची इमारत, तशीच लिफ्ट, तोच मेकॅनिक, तीच सुट्टी. तिथून मे महिन्यात कधी फोन आल्याचं आठवेना.

"म्हणजे त्याच्या जाण्याने सगळीकडे बिघडत नाही," साहेब म्हणाले. "एकाच ठिकाणी बिघडतं. आता दुसरं सांग. मे महिन्यात तो जातो. पण मे महिन्यात आणखी काय काय होतं?"

मी बोटांवर मोजत बसले. शाळांना सुट्टी असते, पोरं लिफ्टची बटणं दाबत खेळतात. उकाडा असतो. लग्नं असतात, पाहुणे असतात. वीज कमी-जास्त होते. साहेब प्रत्येकावर एकच म्हणायचे, "शेजारच्या बिल्डिंगीत पण असतंच की." माझा संताप व्हायला लागला. मी बदली मेकॅनिकला फोन लावला आणि विचारलं, तू जाऊन नेमकं करतोस काय?

"काही नाही मॅडम. दारातला कचरा काढतो, चालू होते."

"कसला कचरा?"

"कचरा म्हणजे कचरा, मॅडम," तो म्हणाला. "कचऱ्याला काय नाव असतं?"

साहेब हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "जाऊन बघ. मात्र कुणाला काही विचारू नकोस. नुसती उभी राहा."

म्हणून रविवारी सकाळी, घरी सुट्टीचा बेत मोडून, नवऱ्याचे टोमणे ऐकून, मी बोरिवलीला त्या टॉवरच्या तळमजल्यावर जाऊन उभी राहिले. बराच वेळ काहीच घडलं नाही. लिफ्ट खाली आली, वर गेली, शहाण्यासारखी वागली. मला स्वतःचाच राग यायला लागला होता. तेवढ्यात गेटाशी एक टेम्पो थांबला, आणि सगळा टॉवर जणू खाली उतरला. बनियनवरचे काका, गाऊनवर ओढणी घेतलेल्या काकू, पोरंटोरं. गावाहून आंबा आला होता.

लाकडी पेट्या उतरल्या. कुणाच्या भावाने पाठवलेली, कुणाच्या सासऱ्याने. लोकांना धीर कुठला? दोन फळ्या तिथेच उचकटायच्या, हात घालून एक आंबा काढायचा, हुंगायचा, शेजाऱ्याला हुंगायला द्यायचा, "यंदा वास बघा!" म्हणायचं. आणि मग तशीच उघडी पेटी खांद्यावर घेऊन लिफ्टमध्ये. पेटीतला पेंढा वाटभर सांडत होता. लॉबीत पेंढा, लिफ्टमध्ये पेंढा, दाराच्या उंबऱ्यावर पेंढा. मग झाडूवाली बाई आली. तिने लॉबी स्वच्छ झाडली, आणि झाडता झाडता अर्धा पेंढा लिफ्टच्या दाराखालच्या खाचेत गेला, ज्या खाचेतून दार सरकतं. वरून तिने ओला पोछा मारला.

दार बंद व्हायला निघालं, मधे थबकलं, आणि परत उघडलं.

मी तिथेच गुडघ्यावर बसले. केसातला आकडा काढून खाचेत घातला आणि ओढला, तर आतून भिजून घट्ट बसलेल्या पेंढ्याची दोरीच निघाली. एक काकू विचारायला लागल्या, "काय गं, तुझं काही पडलं का?" मी म्हटलं, "सापडलं, काकू." आणि मला रडूच आलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या, त्यांनी मला एक आंबा दिला.

चाळीत असताना पेट्या जिन्याने जायच्या. पेंढा पायऱ्यांवर सांडायचा, कुणाचं काही अडायचं नाही. टॉवर झाला, लिफ्ट आली, आंबा खायची रीत मात्र तीच राहिली. शेजारच्या इमारतीतले लोक बाजारातून डझनाने आंबा आणायचे, पिशवीतून. मी तिथेही जाऊन खाचेत आकडा फिरवला. धूळ निघाली, बाकी काही नाही. आणि मग मला पुरतं उमगलं. आंबा तयार होतो म्हणून आमचा मेकॅनिक गावी जायचा, आणि आंबा तयार होतो म्हणूनच लिफ्ट अडकायची. जूनमध्ये आंबा संपायचा, तो परत यायचा, लिफ्ट चालायची. एकामुळे दुसरं होत नव्हतं. दोन्ही आंब्यामुळे होत होतं.

सोमवारी मी पेंढ्याची ती मूठ वर्तमानपत्रात बांधून नेली आणि झोनलसाहेबांसमोर उलगडली. सगळं सांगितलं. त्यांनी पेंढ्याची एक काडी उचलून बघितली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मग चूक कुणाची? सोसायटीची? झाडूवालीची?"

"सर," साहेब म्हणाले, "आंबा आहे. आंब्याला काय पत्र काढणार?"

झोनलसाहेबांना हसू आलं. मी त्यांना एकदाच हसताना बघितलं, ते तेव्हा. सोसायटीला आम्ही विनंती केली, पेट्या कंपाउंडमध्ये उघडा, पेंढा तिथेच झटका. सेक्रेटरींना आधी पटेना, मग इतकं पटलं की त्यांनी गेटाशी गोणपाट अंथरलं आणि स्वतः खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. त्यानंतर त्या टॉवरचा मे महिन्यात फोन आला तो आंबे न्यायला या म्हणून.

झोनलसाहेब गेल्यावर साहेबांनी टेबलावरचा कप पुढे ओढला. बशी उचलली. आतल्या चहावर जाड साय धरली होती, कडेने एक मुंगी चालली होती. त्यांनी ती फुंकरीने उडवली, डोळे मिटले आणि तो शिळा घोट पिऊन टाकला.

"शी!" ते म्हणाले. मग रिकामा कप आम्हाला दाखवला, म्हणाले, "आता नाव घ्यायला हरकत नाही." आणि त्यांनी फोन उचलून मेकॅनिकच्या गावी लावला. त्याचं नाव घेऊन हाक मारली, मोठ्याने, प्रेमाने, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी. ते नाव मी इथे लिहीत नाही. सवय.

"काय रे, आंबा कसा आहे यंदा?"

पलीकडून त्याचा खणखणीत आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "बरो आसा, साहेब! तुमच्यासाठी पेटी घेवन येतंय. थंय सगळा ठीक मा?"

"सगळं ठीक," साहेब म्हणाले. "ये सावकाश."

तो आला, पेटी आणली, आम्ही ती जिन्याने वर चढवली आणि टेबलावर कागद पसरून सगळे आंबे चोखून खाल्ले. मावशींनी पेंढा गोळा करताना माझ्याकडे बघून भुवया वर केल्या, आणि मला हसू आवरेना. त्याला कुणी काही सांगितलं नाही. साहेबांनी सांगितलंच होतं, "जे नाव घेतलंच गेलं नाही त्याची भीती त्याला कशाला?"

साहेब निवृत्त होऊन गोराईला गेले. इस्टेटीतलं ऑफिस बंद झालं, तिथे आता दुसरंच काही उभं आहे. मी वर चढत गेले, झोनलसाहेबांच्याच खुर्चीपर्यंत, आणि रोज किती नावं टेबलावर येतात ते बघते. कधी कधी कपावर बशी पालथी घालते. लोकांना वाटतं, बाईंना चहा गार आवडतो. हॉटेलच्या त्या हॉलमध्ये मी मुलांना ही गोष्ट सांगितली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्या मेकॅनिकला शेवटी कळलं का?" मी म्हटलं, नाही.

गेल्या आठवड्यात तो निवृत्त झाला. मालाडला एका छोट्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता. केस पांढरे झालेत, बाकी तसाच. दहावीतली ती मुलगी आता स्वतःच्या मुलाला कडेवर घेऊन आली होती. साहेबही आले, बोटीतून, काठी टेकत. त्यांचा हात धरून मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि शेजारी बसले. कुणीतरी आम्हाला चहा आणून दिला.

त्याला चार शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, घसा खाकरला, आणि ताठ मानेने म्हणाला, "माका भाषण येणा नाय. एकच सांगतंय. इतकी वर्षां काम केलंय, पण माझ्या नावार कोणी कधी बोट दाखवूक नाय."

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. त्याची मुलगी डोळे पुसत होती. मी टाळ्या वाजवता वाजवता साहेबांकडे बघितलं. त्यांच्या हातात कागदी कप होता, तळाशी एक घोट उरलेला. बशी नव्हती, म्हणून त्यांनी कपावर आपला हात झाकून धरला होता.